सरोजिनी नायडू आणि पुणे : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर येरवड्याचं. लहानपणी आमच्याकडे पत्ता सांगताना "तुरुंगाच्या अलीकडे" किंवा "तुरुंगाच्या पलीकडे" असंच सांगायचे. पुढे मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. भाच्या, शेजारपाजारची मुलं, बाहेरगावहून आलेले पाहुणे, कुणीही सापडलं की मी त्यांना आगाखान पॅलेसला घेऊन जाते. तिथे गांधीजींबद्दल, कस्तुरबांबद्दल लोक भरपूर विचारतात. सरोजिनीबाईंचा विषय मीच काढते, आणि एकदा काढला की मग प्रश्न थांबत नाहीत. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

सरोजिनी नायडू हैदराबादच्या ना? मग पुण्याशी त्यांचा काय संबंध?

हैदराबादच्याच. जन्म १३ फेब्रुवारी १८७९ चा, तिथलाच. घरही तिथेच, आणि त्या घराला त्यांनी आपल्या पहिल्या कवितासंग्रहाचं नाव दिलं होतं. मुंबईत त्यांचा मुक्काम बहुतेक ताजमहाल हॉटेलात असे. पुण्यात त्यांचं ना घर होतं, ना नातेवाईक.

तरीही त्यांच्या आयुष्याची वळणं बघितली तर पुणं सारखं आडवं येतं. राजकारणाची दीक्षा त्यांना इथे मिळाली, गोपाळ कृष्ण गोखल्यांकडून. मिठाच्या सत्याग्रहानंतरचा तुरुंगवास इथे झाला, येरवड्यात. गांधीजींचं १९३२ चं उपोषण त्यांनी इथे सांभाळलं. आणि 'चले जाव' नंतरची कैद इथेच, आगाखान पॅलेसात. दुसऱ्या शहरांनी त्यांना व्यासपीठावर पाहिलं. पुण्यानं त्यांना शिष्या म्हणून, कैदी म्हणून आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेली बाई म्हणून पाहिलं. माझ्या मते त्यांची खरी ओळख या तिन्हींतून होते.

नायडू म्हणजे त्या तेलुगू होत्या का?

माहेर बंगाली, सासर तेलुगू, जन्म आणि वाढ हैदराबादची. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय एडिंबरोहून विज्ञानातली डॉक्टरेट घेऊन आले आणि निजामाच्या राज्यात त्यांनी कॉलेज उभं केलं. तेच पुढे निजाम कॉलेज झालं. आई वरदासुंदरी. आठ भावंडांत सरोजिनी सगळ्यांत थोरल्या. एक भाऊ वीरेंद्रनाथ युरोपात राहून क्रांतिकार्य करणारा, दुसरा हरींद्रनाथ कवी आणि नट.

बाराव्या वर्षी त्या मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक पहिल्या क्रमांकानं पास झाल्या. निजामाच्या शिष्यवृत्तीवर १८९५ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि मग केंब्रिजच्या गर्टनमध्ये शिकल्या. १८९८ मध्ये परत आल्या आणि त्याच वर्षी डॉ. गोविंदराजुलू नायडूंशी त्यांचं लग्न झालं. ते जातीनं वेगळे, प्रांतानं वेगळे. लग्न नागरी कायद्याप्रमाणे, ब्राह्म पद्धतीनं, मद्रासला. हे सगळं १८९८ मध्ये! त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे गेले. त्या काळच्या पुण्यात मिशनऱ्यांकडे घेतलेल्या नुसत्या चहापानावरून प्रायश्चित्ताचे वाद झाले होते, हे आठवलं की त्या लग्नाचं धाडस कळतं. वडील लग्नाच्या बाजूनं उभे राहिले, हेही इथे सांगायला हवं. मुलीला शिकवणारे वडील तेव्हाही काही होते. शिकलेल्या मुलीचा निर्णय मान्य करणारे मात्र फार थोडे.

त्या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती होत्या ना?

नाही. हा घोटाळा मी एका शाळेच्या छापील कार्यक्रमपत्रिकेतही पाहिला आहे, आणि त्या दिवशी व्यासपीठावरूनही तेच वाचून दाखवलं गेलं. समोर दोनशे मुली बसल्या होत्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्यातल्या कितीतरी जणींच्या डोक्यात ते तसंच राहिलं असेल.

घोटाळ्याचं मूळ 'अध्यक्ष' या शब्दात आहे. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्या काळी काँग्रेस अध्यक्षाला हिंदीत 'राष्ट्रपती' म्हणायची पद्धत होती. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, २००७ मध्ये. पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी, १९६३ मध्ये, उत्तर प्रदेशात. पहिल्या महिला पंतप्रधान इंदिरा गांधी, १९६६ मध्ये. सरोजिनीबाईंच्या नावावर दोन गोष्टी ठामपणे लिहायच्या: काँग्रेसच्या पहिल्या भारतीय महिला अध्यक्ष, आणि स्वतंत्र भारतातल्या पहिल्या महिला राज्यपाल.

'पहिल्या भारतीय महिला' असं का? आधी कुणी होतं?

ॲनी बेझंट, १९१७, कलकत्ता. त्या जन्मानं आयरिश-इंग्रज. म्हणून 'भारतीय' हा शब्द गाळू नका.

गोखल्यांची आणि त्यांची ओळख कशी झाली?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार आनंद होतो.

१९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसबरोबर सामाजिक परिषद भरली होती. तिथे सत्तावीस वर्षांची ही कवयित्री स्त्रीशिक्षणावर बोलली. गोखल्यांनी लगेच चिठ्ठी पाठवून तिचं कौतुक केलं. तेव्हापासूनचा तो स्नेह. गोखले म्हणजे आकडेवारीचा, अंदाजपत्रकाचा, मोजूनमापून बोलणारा माणूस. आणि ही शब्दांच्या लाटेवर स्वार होणारी. वरवर पाहता दोघांचं जमण्यासारखं काही नव्हतं. पण एका बाबतीत दोघांचं मत अगदी एक होतं: हिंदू आणि मुसलमान एकत्र आल्याशिवाय या देशाचं काही खरं नाही.

मार्च १९१३ मध्ये सरोजिनीबाई लखनौला मुस्लिम लीगच्या अधिवेशनात बोलल्या. त्यानंतर काही दिवसांनी त्या पुण्याला आल्या आणि गोखल्यांनीच काढलेल्या भारत सेवक समाज या संस्थेत त्यांना भेटल्या. गोखल्यांची प्रकृती तेव्हाच ढासळू लागली होती. लखनौत काय घडलं, लोकांचा सूर कसा होता, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्याच मुक्कामात एका संध्याकाळी ते दोघं समाजाच्या गच्चीवर गेले. समोर पुण्याच्या टेकड्या, मावळतं ऊन. तिथे गोखल्यांनी त्यांना सांगितलं की, या टेकड्या आणि हे तारे साक्षी ठेव, तुझं गाणं, तुझं बोलणं, तुझे विचार आणि तुझी स्वप्नं देशाला वाहून टाक. कवीला डोंगरमाथ्यावरून जे दिसतं ते खाली दरीत राबणाऱ्यांपर्यंत पोचव. गोखले गेल्यावर सरोजिनीबाईंनी आठवणी लिहिल्या, त्यात हा प्रसंग आहे.

फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर आपल्यापैकी कितीतरी जण रोज फिरायला जातात. गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली ती १२ जून १९०५ रोजी, त्याच टेकडीवर. मीही अनेक वर्षं तिथे जाते. संध्याकाळी खाली दिवे लागायला लागले की ती गच्ची मला आठवतेच.

१९१४ मध्ये लंडनला सरोजिनीबाईंची गांधीजींशी पहिली भेट झाली. गांधीजी जमिनीवर घोंगडी अंथरून, लाकडी वाडग्यातून कुस्करलेले टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल असं काहीतरी खात बसले होते. ते पाहून त्यांना हसू आवरेना. गांधीजीही हसले आणि म्हणाले, या, माझ्या ताटातलं खा. त्या नको म्हणाल्या! पुढे तेहेतीस वर्षं ती मैत्री टिकली. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात गेले. गांधीजी आणि सरोजिनीबाई, दोघांचेही गुरू एकच. पुण्याचा हा धागा लोकांच्या सहसा लक्षात येत नाही.

त्यांनी कविता लिहिणं का सोडलं?

त्यांचे तीन संग्रह आले, १९०५, १९१२ आणि १९१७ मध्ये. सगळे इंग्रजीत. पालखी वाहणारे भोई, बांगड्या विकणारे कासार, हैदराबादचे बाजार, किनाऱ्यावरचे कोळी हे त्यांचे विषय. नंतरच्या कविता कन्या पद्मजांनी १९६१ मध्ये छापल्या, म्हणजे आईच्या निधनानंतर बारा वर्षांनी.

१९१७ नंतरचं त्यांचं वेळापत्रक पाहिलं की उत्तर आपोआप मिळतं. त्या वर्षाच्या डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले, तेव्हा स्त्रियांना मताधिकार द्या असं मागणारं शिष्टमंडळ सरोजिनीबाईंच्या नेतृत्वाखाली त्यांना भेटलं. १९१९ मध्ये त्याच मागणीसाठी त्या लंडनला गेल्या. सरकारनं आधी दिलेलं कैसर-ए-हिंद पदक त्यांनी जालियनवाला बागेनंतर परत केलं. १९२४ मध्ये पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय लोकांमध्ये फिरल्या. १९२८-२९ मध्ये अमेरिकेचा दौरा. चार मुलं, नाजूक प्रकृती, आणि आगगाडीत-बोटीत गेलेलं आयुष्य. मला वाटतं, त्यांनी कविता सोडली नाही. ती भाषणांमध्ये खर्च केली. आणि भाषण हवेत विरून जातं, तो तोटा त्यांनी समजूनउमजून पत्करला.

'भारत कोकिळा' या बिरुदाबद्दल मला म्हणूनच थोडी तक्रार आहे. गांधीजींनी प्रेमानं दिलेलं नाव, त्याला नाव ठेवणारी मी कोण? पण आपण त्या नावापाशीच थांबतो. कोकिळा म्हटलं की गोड गळा आठवतो, लाठ्यांसमोर उभी राहिलेली पन्नाशीतली बाई आठवत नाही.

लाठ्यांसमोर म्हणजे? दांडीयात्रेत?

धारासना. दांडीयात्रेला निघालेल्या गांधीजींच्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. सरोजिनीबाई शेवटी दांडीला पोचल्या आणि ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचललं तेव्हा त्या तिथे होत्या. महिन्याभरात गांधीजींना पकडून येरवड्याला आणलं. त्यांच्या जागी अब्बास तय्यबजी आले, त्यांनाही अटक झाली. मग गुजरातेतल्या धारासनाच्या मिठागरांवरचा मोर्चा सरोजिनीबाईंकडे आला.

आधी पोलिसांनी वाट अडवली तेव्हा त्या स्वयंसेवकांसह मे महिन्याच्या उन्हात रस्त्यातच ठाण मांडून बसल्या, तासन् तास. मग २१ मे चा दिवस. सुमारे अडीच हजार स्वयंसेवक. त्यांना सरोजिनीबाईंनी सांगितलं की, मार बसेल, पण वार चुकवायला हातसुद्धा वर करायचा नाही. आणि तसंच झालं. रांगेमागून रांग पुढे जात होती, डोक्यावर लाठी बसून पडत होती, मागची रांग पुढे येत होती. वेब मिलर या अमेरिकन बातमीदारानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्याची बातमी जगभर गेली.

सरोजिनीबाईंना तिथेच अटक झाली. आणि त्या आल्या आमच्या येरवड्यात.

येरवड्याच्या तुरुंगात त्या किती वेळा होत्या?

१९३० मध्ये आल्या आणि जानेवारी १९३१ मध्ये, गांधी-आयर्विन बोलण्यांआधी बाकीच्या नेत्यांबरोबर सुटल्या. तिथून दुसरी गोलमेज परिषद, लंडन. परत आल्यावर १९३२ मध्ये पुन्हा अटक, पुन्हा येरवडा. तुरुंगातही त्यांनी फुलझाडं लावली होती. घरच्यांना पत्रात त्या आपल्या बागेची हकीकत कळवत.

या दुसऱ्या मुक्कामात इतिहासातली फार मोठी घटना त्यांच्या डोळ्यांसमोर घडली. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर झाले आणि त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबर १९३२ पासून तुरुंगातच उपोषण सुरू केलं. सरोजिनीबाई स्त्रियांच्या बराकीत होत्या. त्यांना गांधीजींजवळ राहायची परवानगी मिळाली. अंगणात आंब्याच्या झाडाखाली खाट. येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, पंडित मालवीय, राजगोपालाचारी, तेजबहादूर सप्रू यांच्या वाटाघाटी. आणि त्या गर्दीत, आता पुरे, त्यांना विश्रांती हवी, असं म्हणून माणसांना परत पाठवणाऱ्या सरोजिनीबाई. २४ तारखेला पुणे करार झाला, २६ ला उपोषण सुटलं.

या कराराबद्दल दोन्ही बाजूंनी आजही तीव्रतेनं बोललं जातं, आणि बोललं जायलाच हवं. बाबासाहेबांवर त्या सहा दिवसांत केवढं दडपण होतं, हे मी मुलींना नेहमी सांगत आले. एका माणसाचा जीव आणि आपल्या लाखो माणसांचा हक्क, असा पेच त्यांच्यापुढे टाकला गेला होता. सरोजिनीबाईंच्या गौरवात ही बाजू झाकू नये.

आगाखान पॅलेसात त्या किती दिवस होत्या? आणि तो तर राजवाडा, मग तुरुंग कसला?

"मस्त बंगला होता की!" असं म्हणणारी माणसं दर वेळी भेटतात. त्यांना मी आधी मागच्या बाजूला, समाध्यांकडे नेते.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजी, त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सरोजिनीबाईंना खास गाडीनं आणून चिंचवड स्टेशनवर उतरवलं आणि मोटारीनं आगाखान पॅलेसात आणलं. नेहरू, पटेल वगैरे कार्यकारिणीची माणसं पुढे नगरच्या किल्ल्यात गेली. दोन दिवसांनी कस्तुरबा आणि सुशीला नय्यर इथे आल्या.

सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टच्या सकाळी, महादेवभाई बोलता बोलता कोसळले आणि गेले. वय पन्नास. अंत्यसंस्कार त्याच आवारात झाला, कारण सरकारनं देह बाहेर नेऊ दिला नाही. राजवाड्याच्या भिंतीआड, तारेच्या कुंपणात, सोबतचा माणूस गेलेला. बाहेर देशभर काय चाललं आहे याची धड बातमी नाही. मोठमोठी दालनं असली म्हणून काय झालं?

त्या घराचा गाडा सरोजिनीबाईंनी ओढला. स्वयंपाकघर काय करतंय, कुणाला काय पथ्य, कोण खचलंय, कुणाला हसवायला हवं, हे सगळं त्या बघत. त्या स्वतः तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या आणि आजारी होत्या. १० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. मध्यंतरी ते हाती लागत नाहीत अशी वेळ आली. त्यांच्या मृत्यूची तयारी सरकारनं करून ठेवली होती. भेटायला येणाऱ्यांची रांग, डॉक्टरांची ये-जा, आणि पुन्हा दाराशी सरोजिनीबाई. ३ मार्चला उपोषण संपलं. त्याच महिन्यात त्यांना मलेरियानं इतकं पछाडलं की सरकारनं त्यांना सोडून दिलं.

कस्तुरबा तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. सरोजिनीबाई तेव्हा आत नव्हत्या.

सावित्रीबाई आणि रमाबाईंच्या पुण्यात सरोजिनीबाईंचं एवढं कौतुक का करायचं?

एकीचं कौतुक केलं म्हणून दुसरीचं कमी होत नाही. उलट ही साखळी आहे. १८४८ मध्ये सावित्रीबाई मुलींना शिकवायला बाहेर पडल्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन सुरू झालं, आणि त्याच रमाबाई पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मतासाठी उभ्या राहिल्या. मद्रासच्या पाठोपाठ १९२१ मध्ये मुंबई इलाख्यानं स्त्रियांना मत दिलं. मालमत्तेच्या अटीमुळे ते मूठभर बायकांनाच मिळालं, पण दार उघडलं.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात देशभरातल्या बायका जमल्या आणि अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. विषय शिक्षणाचा. तीन वर्षांनी, १९३० मध्ये, त्याच परिषदेच्या अध्यक्ष सरोजिनीबाई झाल्या. म्हणजे पुण्याच्या अंगणात जे रोप लावलं गेलं, ते त्यांनी देशभर नेलं.

त्या स्त्रीवादी होत्या का?

मुली हल्ली हा प्रश्न फार विचारतात. मला ते आवडतं.

१९३० च्या त्याच परिषदेत त्यांनी स्वतःला फेमिनिस्ट म्हणवून घ्यायला नकार दिला. आपण दबलेल्या आहोत हे आधी मान्य करायचं आणि मग सवलत मागायची, हे त्यांना पटत नव्हतं. १९३१ मध्ये त्यांनी आणि बेगम शाहनवाज यांनी मिळून गोलमेज परिषदेपुढे मागणी मांडली ती सरसकट प्रौढ मताधिकाराची. बायकांसाठी राखीव जागा नकोत, असं त्यांचं म्हणणं.

इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. त्यांना वडील मिळाले ते अघोरनाथ, नवरा मिळाला तो गोविंदराजुलू. मोकळं मैदान दिलं की बाई पुढे येईल, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. पण मैदानापर्यंत येण्याची वाटच जिच्यासाठी बंद आहे, तिचं काय? आज आपल्या ग्रामपंचायतींत आणि महापालिकांत निम्म्या जागांवर बायका आहेत त्या आरक्षणामुळे. आमच्या भागातल्या कितीतरी नगरसेविका पहिल्यांदा राखीव जागेवर निवडून आल्या आणि मग कामानं ओळखल्या गेल्या. सरोजिनीबाईंनी हे पाहिलं असतं तर त्यांचं मत बदललं असतं का, कोण जाणे. त्यांच्या स्वाभिमानाचा आदर ठेवून मी मुलींना दोन्ही बाजू सांगते.

गांधीजींना त्या 'मिकी माउस' म्हणत, हे खरं का?

खरं आहे. सगळा देश ज्यांना महात्मा म्हणत होता, त्यांची त्या तोंडावर थट्टा करत. गांधीजी त्यांना पत्रात 'बुलबुल' म्हणत. एवढ्या मोठ्या माणसाभोवती नुसती भाविक माणसं असली तर त्याचा श्वास कोंडेल. हसवणारं एक माणूस जवळ लागतं. आगाखान पॅलेसमधल्या त्या महिन्यांत तर फारच.

राज्यपाल म्हणून त्यांनी काय केलं?

१५ ऑगस्ट १९४७ ला त्या संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, राज्यपाल झाल्या. मुळात नेमणूक डॉ. बिधानचंद्र रॉय यांची होती. ते परदेशात असल्यानं सरोजिनीबाईंनी जागा सांभाळायची असं ठरलं, आणि मग त्याच राहिल्या. रानपाखराला पिंजऱ्यात घातल्यासारखं वाटतंय, असं त्या म्हणत. फाळणीचा वणवा पेटलेला असताना, हिंदू-मुसलमान दोघांचाही विश्वास असलेली व्यक्ती लखनौच्या राजभवनात असणं हीच मोठी गोष्ट होती. १९१३ मध्ये ज्या लखनौत त्या ऐक्यासाठी बोलल्या, तेच हे लखनौ.

त्याआधी मार्च-एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीला आशियाई देशांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षही त्याच. घटना समितीवर त्या बिहारमधून निवडून गेल्या होत्या. २ मार्च १९४९ ला लखनौत राज्यपालपदावर असतानाच त्यांचं निधन झालं. घटना पूर्ण झालेली पाहायला त्या राहिल्या नाहीत. कन्या पद्मजा पुढे पश्चिम बंगालच्या राज्यपाल झाल्या.

तारखेकडे मात्र लक्ष द्या. १५ ऑगस्ट १९४२ ला त्या आमच्या नगर रस्त्यावरच्या कैदेत महादेवभाईंच्या देहाजवळ होत्या. बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला, देशातल्या सगळ्यांत मोठ्या प्रांताच्या राज्यपाल. त्या दिवशी त्यांना महादेवभाई आठवले नसतील असं होणारच नाही.

गांधीहत्येनंतर त्या काय म्हणाल्या?

पुण्यात हे उत्तर देताना आवाज जड होतो. मारेकरी याच शहरातून गेला होता.

१ फेब्रुवारी १९४८ ला त्या आकाशवाणीवर बोलल्या. गेलेल्या माणसाच्या आत्म्याला शांती लाभो असं आपण म्हणतो. त्या उलट म्हणाल्या. बापू, शांत होऊ नका, विसावू नका, आम्हाला आमच्या वचनाला जागायला लावा. येरवड्यात आणि आगाखान पॅलेसात "आता त्यांना विश्रांती घेऊ द्या" म्हणून दाराशी उभं राहणारी हीच बाई होती.

१३ फेब्रुवारीच्या भाषणासाठी मुलीला काय लिहून देऊ?

त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय महिला दिन म्हणून साजरा होतो, त्यामुळे आयांचा हा प्रश्न दर वर्षी येतो. माझी विनंती आहे की लिहून देऊ नका. तिला दोन प्रसंग सांगा, धारासनाचा आणि टोमॅटोचा, आणि तिच्या शब्दांत बोलू द्या. थोडी मोठी असेल तर कानपूरच्या भाषणातला विचार सांगा: भय हा अक्षम्य द्रोह आणि निराशा हे अक्षम्य पाप. काँग्रेस अध्यक्षांच्या भाषणांमध्ये ते अगदी छोटं भाषण होतं. मागच्याच वर्षी आपल्या बेळगावात गांधीजी अध्यक्ष होते, त्यांच्याकडून सूत्रं घेऊन त्या बोलल्या होत्या, हेही सांगा. बेळगाव म्हटलं की आपल्याकडची मुलं कान टवकारतात.

पुण्यात त्यांच्या आठवणींसाठी कुठे जावं?

येरवड्याच्या तुरुंगात परवानगीशिवाय जाता येत नाही. बाहेरून भिंत दिसते तेवढीच. भारत सेवक समाजाचं आवार डेक्कनला, गोखले इन्स्टिट्यूटजवळ. तिथून मागच्या टेकडीवर चढून जावं, तेही संध्याकाळी.

आगाखान पॅलेस नगर रस्त्यावर, कल्याणीनगरच्या बाजूला. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी तो बांधला, आणि १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी देशाला दिला. आत गांधीजींची खोली, कस्तुरबांच्या वस्तू, तसबिरी. सगळे फोटो तिथेच काढतात. तुम्ही ते बघून झालं की मागच्या बागेतून समाध्यांपर्यंत चालत जा. महादेवभाईंची आणि कस्तुरबांची, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. मग मागे वळून वाड्याच्या लांबलचक व्हरांड्याकडे बघा. सकाळी लवकर गेलात तर तिथे फारसं कुणी नसतं.

जाताना मुलांना बरोबर घ्या, आणि पाण्याची बाटली ठेवा. आवार मोठं आहे, ऊन लागतं.